नाक्यापलीकडची भाषा

मी 'मले' असंच लिहिणार. सून म्हणते, "बाबाजी, लिहितांना 'मला' लिहावं लागते." लागत असन. तिसरीत असतांना याच एका शब्दावरून मास्तरानं माझ्या बोटांवर रूळ मारला होता अन् साऱ्या वर्गाले सांगितलं होतं, की याच्या तोंडात भाषा नाही, बंडीच्या चाकाचं वंगण आहे. पोरं हसली. मी चौथीत गेलोच नाही. वाचता येत होतं, सही येत होती, बंडी हाकता येत होती. पुढं जीप हाकता आली. शाळेनं दुसऱ्या कोणाले याहून जास्त काय दिलं, ते मले अजून कोणी दाखवलं नाही.

पण एक भाषा मी शिकलो. ती इंग्रजी नाही, हिंदी नाही. स्पेन देशाची. हे कोणाले सांगितलं तर तो आधी माझ्या तोंडाकडे पाहते, मग पायातल्या चपलेकडे पाहते, अन् मग विषय बदलते. मी पण मग सांगणं सोडून दिलं. आता लिहून ठेवतो, कारण लिहिलेल्यावर कोणाले समोरासमोर हसता येत नाही.

नागपूरच्या कोराडी रोडवर, जकातनाक्याच्या अलीकडं, ख्रिस्ती सिस्टर लोकांचा एक लहानसा दवाखाना होता. मी तिथं जीपवर होतो. तिथली मोठी सिस्टर स्पेनची. त्यांच्या संघात स्पेनची ती एकटीच. बाकीच्या केरळच्या, अन् मुंबईले बसणाऱ्या त्यांच्या मदर आयर्लंडच्या. मोठी सिस्टर उंच होती, हाडापेरानं दांडगी, नाकाचा शेंडा उन्हानं बारा महिने सोललेला. सकाळी औषधांच्या पेट्या जीपमध्ये टाकून आम्ही खेड्यांवर निघायचो. वाराप्रमाणं गाव ठरलेलं. दिवस कलला की परतायचो.

मी लागलो त्याच्या थोड्याच दिवसांनी ती मले तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "ड्रायव्हर, मेरे को यहाँ का बोली सिखाओ. हिंदी में बाई लोग दर्द नहीं बताते."

बोलणं खरं होतं. आमच्या बाया हिंदीत बोलायले लागल्या की साऱ्या दुखण्याले एकच शब्द, 'दर्द'. घरच्या बोलीत ठणकते वेगळं, चमकते वेगळं, कळ येते वेगळं, भगभगते वेगळं. मी म्हटलं, "शिकवतो. पण फुकट नाही. तुमची मले शिकवा."

"इंग्लिश?"

"इंग्रजी नाही. तुमच्या आईची."

तिले वाटलं मी गंमत करून राहिलो. गंमत नव्हती. इंग्रजी नागपुरात शेकड्यानं लोकांले येते, अन् त्यातला हरेक जण मास्तर. स्पेनची भाषा इथं कोणालेच येत नव्हती. जी भाषा गावात कोणाले येत नाही, तिच्यात माणूस नापास कसा होईल? माझा हिशोब असा सरळ होता.

मग आमचा कायदा ठरला. जातांना तिची भाषा, येतांना माझी. नाक्याचा बांबू वर झाला अन् जीप पलीकडे गेली, की मी मराठीत तोंड उघडायचं नाही. गावातलं काम आटोपून परत फिरलो, की तिनं मराठीबिगर काही बोलायचं नाही. नाक्यावर एक खवचट शिपाई बसे. बांबू वर करतांना तो रोज म्हणे, "चालले का गा विलायतले?" मी त्याले स्पेनच्या भाषेत 'राम राम' घाले. तो म्हणे, "शिव्या देते का बे?"

पहिला शब्द मी शिकलो तो 'देस्पाथिओ'. म्हणजे हळू. हा शब्द ती शिकवत नव्हती, ओरडत होती. माझ्या हाताखाली जीप जरा पळायची. मग आग्वा म्हणजे पाणी, पोल्वो म्हणजे धूळ, कार्रेतेरा म्हणजे सडक. इथ्किएर्दा डावीकडे, देरेचा उजवीकडे. एकदा काटोलकडच्या एका माणसानं संत्र्यांची टोपली जीपमध्ये ठेवली तर ती म्हणाली, "नारान्खा." मी गाडीच थांबवली. म्हटलं, सिस्टर, ही तर आपली नारंगी! मराठीत बोललो म्हणून तिनं डोळे वटारले, पण मले त्या दिवशी फार बरं वाटलं. इतक्या दूरच्या भाषेत आपल्या घरचं एक फळ निघालं.

खेड्यांकडच्या सडकेले फाटे फार. जिथं फाटा येई तिथं मी ब्रेक मारून विचारत असे, "इ आओरा?" म्हणजे, आता? मग ती हात करे. कोणाच्या घरी आधी जायचं, कोणती बाळंतीण अडली आहे, हे तिच्या डोक्यात असे. चाक वळवणं माझं काम, वाट सांगणं तिचं. फाट्यावर ड्रायव्हरनं ठरवायचं नाही, हा जीपमधला दुसरा कायदा.

असे काही वर्ष गेले. ती आमच्या बायांशी "काहून वं, औषध काहून नाही घेतलं?" असं भांडायले लागली. मी पण बोलायले लागलो. काल बायको काय म्हणाली, कोणाचा बैल मेला, पाऊस कुठं पडला, टायर कसा फाटला, हे सारं मी तिच्या भाषेत सांगत असे अन् ती हसत असे. पण एका जागी येऊन माझी गाडी रुतली, ती रुतलीच. ती तिच्या आईबद्दल बोले, देवाबद्दल बोले, तेव्हा मी नुसता 'सी, सी' म्हणे, म्हणजे हो हो. माझ्याजवळ 'पाहिजे' होतं, 'नको' होतं, 'झालं' होतं, 'उद्या होईल' होतं. पण मनात काय होते ते सांगायचे शब्द नव्हते. विहिरीत उतरतांना पायऱ्या अर्ध्यात संपाव्यात, खाली पाणी दिसावं अन् हात पुरू नये, तसं. अन् विचारायचा मले कमीपणा. बाहेर तर मी सांगून बसलो होतो, की मले स्पेनची भाषा येते, पुरी येते.

त्याच सुमाराले कोराडीचं वीजघर वाढून राहिलं होतं. तिथं जीपवर ड्रायव्हर पाहिजे होते. मी चाचणी देऊन आलो, पास झालो. साहेब म्हणाला, "येत्या सोमवारी सकाळी गेटवर हजर हो. नाही आलास तर मागे लाईन लागलेली आहे." कायमची नोकरी, कॉलनीत क्वार्टर, घरात नळ, घरात लाईट. बायकोनं तर तिच्या बहिणींले सांगूनही टाकलं. क्वार्टर कसं असते ते तिनं पाहिलं नव्हतं, पण तुळस कोणत्या बाजूले ठेवायची हे तिचं ठरलं होतं. मोठ्या सिस्टरले मी शनिवारी सांगणार होतो.

त्याआधीच बुधवार आला. आम्ही परतत होतो, म्हणजे पाळी माझ्या भाषेची. ती एका बाईबद्दल बोलत होती. "त्या बाईले उद्या पाठवा लागते, तिच्या पायावर—" अन् तिथून एकदम स्पेनची भाषा सुरू झाली.

मी म्हटलं, "सिस्टर, येतांना माझी."

ती बोलतच राहिली. मी पुन्हा टोकलं. मले राग आला, कायदा म्हणजे कायदा. मग मान वळवून पाहिलं तर तिचं तोंड एकीकडे ओघळलं होतं अन् उजवा हात मांडीवर असा पडला होता, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा.

त्या दिवशी 'देस्पाथिओ' म्हणायले कोणी नव्हतं. मी जीप थेट धंतोलीतल्या मोठ्या दवाखान्यात आणली.

जीव वाचला. पण डोक्यातली नस गेली होती अन् तिच्यासंगं इंग्रजी गेली, हिंदी गेली, मी दिलेली मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होते कधीकधी, लहानपणची भाषा तेवढी उरते. आमच्याकडची केरळची लहान सिस्टर इंग्रजीत बोलायले गेली तर मोठी सिस्टर तिच्याकडे अशी पाही, जसं माणूस पत्र्यावर पडणाऱ्या पावसाकडे पाहते. आवाज येते, अर्थ नाही. नागपुरात तिचं बोलणं समजणारा एकच माणूस होता. साऱ्यांले ठाऊक होतं, कारण मीच सांगून ठेवलं होतं.

मले तिच्या खाटेजवळ खुर्ची दिली. पहिला माळा, एक खिडकी, अन् खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या दवाखान्याची भिंत. कूलर घरघर करे, वाळ्याचा ओला वास नाकात बसे. सकाळी बसलो की अंधार पडेपर्यंत उठणं नाही. चहा प्यायले गेलो तर पाठोपाठ माणूस येई, "ड्रायव्हर, चला, त्या बोलून राहिल्या." वऱ्हांड्यात साऱ्या विदर्भातले लोक सतरंज्या टाकून पडलेले असत. ते दारातून डोकावत. एक म्हातारा कितीतरी वेळ माझं बोलणं ऐकत उभा राहिला.

"भाऊ, कोणती भाषा बोलून राहिले गा?"

"स्पेनची."

"असन बाप्पा. आमच्या गावाले बी एक जण झपाटला होता. असाच बोले."

हसू नाही आलं. कारण खरं सांगायचं तर मले अर्धंच समजत होतं. पाणी मागितलं की समजे. पाय दुखते, उशी वर करा, उजेड बंद करा, हे समजे. पण ती आता तेवढंच बोलत नव्हती. ती घाईघाईनं, तुटक, कोणाकोणाचे नावं घेत बोले, अन् एक शब्द पुन्हा पुन्हा येई, 'मिएदो'. जीपमध्ये हा शब्द कधीच आला नव्हता. सडकेच्या शब्दांत मी तो शोधला, खाण्याच्या शब्दांत शोधला, नाही सापडला. मग तिनं डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं, की मले समजलं. मिएदो म्हणजे भीती. शब्द समजला, पण त्याले उत्तर काय द्यायचं? भिऊ नका, मी आहे, देव आहे, असं काही माझ्याजवळ नव्हतं. मी आपलं जीपमधलं सांगितलं. कार्रेतेरा माला, सडक खराब आहे. देस्पाथिओ. येगामोस, पोहोचतो आपण. ती गप झाली. त्यावर ती गप व्हायची म्हणून मी दिवसभर तेच म्हणे. सडक खराब आहे, हळू, पोहोचतो. कुठं जाणं नाही, येणं नाही, समोर भिंत, अन् मी म्हणतो पोहोचतो. दोघांचंही 'जातांना' चाललं होतं. 'येतांना'ची पाळी येतच नव्हती.

लहान सिस्टर विचारे, "भैया, क्या बोली?"

मी म्हणे, "घाबरून राहिली."

"और आपने क्या कहा?"

"योग्य ते सांगितलं."

शनिवारी मुंबईच्या मदर आल्या. गोऱ्या, बारीक, शांत बाई. त्या इंग्रजीत बोलत अन् लहान सिस्टर मले हिंदीत सांगे. मोठ्या सिस्टरचा भाऊ स्पेनमध्ये होता, तो म्हणत होता की बहिणीले इकडे पाठवा, मी सांभाळतो. सोय होत होती. मुंबईपर्यंत गाडी, पुढं विमान. पण मदर म्हणाल्या, माणूस म्हणजे सामान नाही, तिले विचारल्याबिगर पाठवायचं नाही. विचारणार कोण? मी.

आता वाचणाऱ्यानं हे पाहून घ्यावं. ती जातो म्हणाली, तर सोमवारी मी कोराडीच्या गेटवर. ती राहतो म्हणाली, तर तिच्या तोंडाजवळची खुर्ची माझी.

"भैया, पूछिए, घर जाना है क्या?"

"हे मी विचारणार नाही."

"क्यों?"

"आमच्यात पाहुण्याले 'जाता का' म्हणून विचारत नाहीत. हाकलल्यासारखं होते."

"वो मेहमान थोड़े ही है."

"मग तर मुळीच नाही. घरच्या माणसाले, तेही आजारी, त्याच्या खाटेजवळ बसून विचारायचं, जाता का म्हणून?"

लहान सिस्टरनं कपाळाले हात लावला. "तो कैसे पूछेंगे?"

"माझ्या रीतीनं."

मी खुर्ची उचलली अन् तिच्या उजव्या बाजूले लावली, जीपमध्ये माझी जागा होती तशी. खाट उशाकडून उंच करून घेतली, म्हणजे ती बसल्यासारखी झाली. मग मी दोन्ही हात समोर धरले, चाकावर धरतात तसे. दारात नर्स फिसकन् हसली. हसो. मी म्हटलं, "बामोस, सिस्टर." चला. तिनं समोर भिंतीकडे पाहिलं, जसं काचेतून पाहायची.

मी तिले तिच्या भाषेत सांगत गेलो. दवाखान्याच्या फाटकातून निघालो. मोठा चौक आला. देरेचा, उजवीकडे, रेल्वे स्टेशन. तिथून मुंबई, तिथून तुझा देश, तुझा भाऊ. इथ्किएर्दा, डावीकडे, आपली सडक, आपला दवाखाना, नाका, खेडे. मग मी ब्रेकवर पाय दाबला. खरंच दाबला, फरशीवर.

"इ आओरा?"

तिनं डावा हात उचलला अन् डावीकडे केला.

लहान सिस्टर रडायले लागली. पण मदर पुढं आल्या अन् हळूच काही बोलल्या. लहान सिस्टरनं डोळे पुसत मले सांगितलं, "मदर कहती हैं, दाहिना हाथ तो उठता ही नहीं. वो बायीं तरफ ही दिखाएगी न, और किधर?" मग म्हणाली, "मदर पूछती हैं, बुरा मत मानिए, आपको ये भाषा कितनी आती है?"

बाईचं विचारणं वाजवी होतं. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं. अन् माझ्यासाठी ते उघडं दार होतं. 'थोडीशी' एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो खराही होता. त्या एका शब्दावर कोणी हातवाऱ्याचा भरवसा धरला नसता, भावाचं म्हणणं ऐकून तिले गाडीत बसवलं असतं, अन् मी सोमवारी मोकळा.

पण मले तो तिसरीचा वर्ग दिसला. बोटं झणझणली.

"पूरी आती है," मी म्हटलं. "रुको. जीप वळवतो."

मी पुन्हा चाक धरलं. तिले सांगितलं, सिस्टर, आता आपण परतून राहिलो. तोच चौक, पण पलीकडून. आता स्टेशन डाव्या हाताले, इथ्किएर्दा. आपली सडक उजव्या हाताले, देरेचा. दोनदा सांगितलं, बोटानं हवेत चौक काढून दाखवला. म्हणजे आता जो हात चालत होता त्या बाजूले स्टेशन होतं, भाऊ होता, माझी कोराडीची नोकरी होती. सोपं ते सारं तिकडं होतं.

"इ आओरा?"

डावा हात चादरीवर हलला. मी पाहत होतो. मनातून कोणत्या बाजूले वळावा असं वाटत होतं, हे मी आजही कोणाले सांगणार नाही. तो हात वर आला, छातीवरून आडवा गेला, अन् त्यानं उजवं मनगट पकडलं. झोपलेल्या लेकराले उचलावं तसा तिनं तो मेलेला हात उचलला अन् उजवीकडे टाकला. उजवीकडे मी बसलो होतो. हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. जड होता.

मदरनं छातीवर क्रूस काढला. मग त्या माझ्याकडे वळून बोलल्या अन् लहान सिस्टरनं सांगितलं, "वो यहीं रहेंगी. लेकिन आपके बिना तो नहीं रह सकतीं. आप रहेंगे?"

"हाव," मी म्हटलं.

कोराडीचं मी त्यांले सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मले जा म्हटलं असतं, अन् मग पुरी भाषा येणारा माणूस कुठून आणला असता? माझ्याच हातानं मी कडी लावली होती. आता ठोठावायचं कोणाले?

घरी बायको पोळ्या लाटत होती.

"सोमवारचा सदरा धुऊन टाकला," ती म्हणाली.

"सोमवारी जाणं नाही."

लाटणं थांबलं. "काहून?"

मी सांगितलं. चौक सांगितला, हात सांगितला. तिनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "बैलाले दुसरा कोणी खुट्याले बांधते. तुमी सोताच खुटा गाडला, सोताच दावं घातलं. त्यापायी हे चार शब्द शिकले का?"

"चार नाही, लय आहेत."

"असन. मले बी एक भाषा येते म्हणा. तेही समजून घेत जा कधी." अन् तिनं पोळी तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं. तो सदरा तिनं सोमवारी पेटीत घालून ठेवला. कितीक दिवस घालू दिला नाही.

मोठ्या सिस्टरले परत कोराडी रोडवर आणलं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तिची चाकाची खुर्ची, तिच्या उजव्या बाजूले माझी साधी. जीपवर दुसरा ड्रायव्हर घेतला, कारण मी उठू शकत नव्हतो. हे मी धरलंच नव्हतं. मले वाटलं होतं, निदान चाक तरी माझ्या हातात राहील. आता सकाळी तो माझी जीप माझ्यासमोरून काढे, चुकीच्या गिअरमध्ये, अन् मी बसून ऐके. वऱ्हांड्यातून उत्तरेकडे पाहिलं की वीजघराच्या चिमण्या दिसत. दिवसभर धूर. वारं इकडचं असलं की राख उडत येई अन् तिच्या पांढऱ्या पदरावर बसे. मी ती झटकी. कोराडीले मी गेलो नाही, तर कोराडीच येऊन बसली होती.

अन् भाषा वाढली नाही. लोक म्हणत, आता तर दिवसभर बोलता, पंडित झाले असाल. उलट ती आखडत गेली. एक खुर्ची, एक वऱ्हांडा, एक पेज. नवं बोलायले नवं काही घडावं लागते. ती तिच्या गावचं काही सांगे, मी सी सी म्हणे, ती ओळखे की मले समजलं नाही, अन् मग तीही सोडून देई. कधी मले तिचा असा राग येई की दात करकरत. पण तिच्या भाषेत मले भांडता येत नव्हतं. सडक खराब आहे, एवढंच म्हणता येत होतं. मराठीत बोललो असतो तर तिले ते पत्र्यावरचा पाऊस. म्हणून दोन्हीकडून तोंड बंद.

मग थंडीत एक दिवस, दुपारी, जीप लवकर परत आली होती. मी त्या ड्रायव्हरले म्हटलं, "किल्ली दे बे." लहान सिस्टर धावत आली, "भैया, डॉक्टर ने मना किया है." मी म्हटलं, "नाक्याच्या पलीकडं जाऊन येतो फक्त." मोठ्या सिस्टरले उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, शालीनं सीटले बांधलं. नाक्यावरचा तो शिपाई आम्हाले पाहून उभा राहिला. 'विलायतले का' म्हणाला नाही. नुसता बांबू वर केला.

पलीकडं गेल्याबरोबर ती बोलायले लागली. पोल्वो. धूळ. बाका. गाय. आम्ही चिंचेच्या झाडापर्यंत गेलो, जिथून पहिला फाटा फुटते. मी ब्रेक मारून विचारलं, इ आओरा? तिनं डाव्या हातानं मागं दाखवलं. घरी. मी जीप वळवली.

अन् वळवल्यावर मले कायदा आठवला. येतांना माझी.

मग मी सुरू झालो. पार मराठीत, आमच्या बोलीत, मास्तरानं ज्या बोलीवर रूळ मारला त्या बोलीत. म्हटलं, सिस्टर, मागं त्या चिमण्या दिसल्या का? तिथं माझी नोकरी होती. क्वार्टर होतं. नळ होता घरात. माझ्या बायकोनं तुळशीची जागा ठरवली होती. तुम्ही डाव्या हातानं डावीकडे दाखवलं असतं दुसऱ्यांदा, तर काय बिघडलं असतं? कायले उचलला तो मेलेला हात? अन् मी तरी कायले वळवली जीप? मले तुमचं अर्धंच समजते. अर्धंच समजत होतं तेव्हाही. मिएदो मलेही वाटते, पण ते तुमच्या भाषेत कसं सांगायचं ते तुम्ही शिकवलं नाही. जीप तर माझ्या हाताखालची, तीही गेली. असं कितीतरी. मी ओरडतच होतो बहुतेक, कारण सडकेवरून जाणारा एक सायकलवाला वळून पाहत होता.

ती समोर पाहत होती. तिले एकही शब्द समजला नसन, हे मले ठाऊक आहे. मग ती म्हणाली, "देस्पाथिओ."

जीप तर बैलबंडीच्या चालीनं चालली होती. याहून हळू केली असती तर बंद पडली असती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे नाही पाहिलं. कान तेवढा इकडे केला होता.

मी एक दम घेतला अन् पुन्हा पहिल्यापासून सांगायले लागलो, हळू, एकेक शब्द सुटा करून, तिनं मले शिकवतांना करायची तसा. चिमण्या. नोकरी. नळ. तुळस. नाका आला तरी अर्धं सांगून झालं नव्हतं.